‘राहायचो’ आणि ‘राहिलो’ : स्पॅनिश क्रियापदांच्या मराठी पुस्तकाची प्रस्तावना

हे पुस्तक हातात घेणाऱ्याने त्याआधी स्पॅनिशचं एखादं इंग्रजी पुस्तक चाळलेलं असणार, असं धरूनच मी लिहिते आहे. पुण्या-मुंबईत स्पॅनिश शिकणारी बहुतेक मुलं इंग्रजीच्या आधाराने शिकतात. पाठ्यपुस्तक थेट स्पेनमधून आलेलं असो आणि त्यात इंग्रजीचा एक शब्द नसो, तरी वर्गात शंका विचारली जाते ती इंग्रजीत, वहीच्या समासात अर्थ लिहिला जातो तो इंग्रजीत, आणि मोबाइलवरचं ॲप तर प्रश्नच इंग्रजीत टाकतं. सुरुवातीचे काही महिने त्याने काही बिघडत नाही. आब्लार म्हणजे बोलणं, कोमेर म्हणजे खाणं, बिबीर म्हणजे राहणं किंवा जगणं. तीन गणांतली ही तीन क्रियापदं वर्तमानकाळात चालवायला मुलं शिकतात, मग दुकानात काय मागायचं, रस्ता कसा विचारायचा हे येतं. त्यानंतर भूतकाळ येतो आणि वर्ग गळायला लागतो.

भूतकाळ अवघड आहे यात शंका नाही. स्पॅनिशमध्ये तो एक नाही, रोजच्या बोलण्यात निदान चार आहेत, आणि त्यांतल्या दोघांमध्ये निवड करताना चांगले चांगले अडखळतात. पण मराठी विद्यार्थ्याला ही निवड जितकी छळते, त्यातला बराचसा छळ इंग्रजीने आणलेला असतो. तोच भेद दाखवणारी रूपं आपण घरात लहानपणापासून बिनचूक वापरतो, आणि स्पॅनिशच्या वर्गात शिरताना ती चपलांसारखी बाहेर काढून ठेवतो. ती परत पायात घालावीत, एवढ्यासाठी हे पुस्तक मराठीत लिहिलं आहे.

एक उदाहरण सावकाश पाहू. (प्रस्तावनेत स्पॅनिश शब्द देवनागरीत दिले आहेत, आत गेल्यावर ते रोमन लिपीत, त्यांच्या नेहमीच्या वेशात भेटतील. शब्द स्वराने संपून आघात त्या शेवटच्या स्वरावर असेल तिथे इथे अवग्रह घातला आहे.) ‘आम्ही तेव्हा नाशिकला राहायचो’ आणि ‘आम्ही नाशिकला चार वर्षं राहिलो’. स्पॅनिशमध्ये पहिल्या वाक्यात ‘बिबीआमोस’ येईल आणि दुसऱ्यात ‘बिबीमोस’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘लिव्ह्ड’ चालतं. त्यामुळे जो विद्यार्थी मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवतो, तो ‘लिव्ह्ड’पाशी येऊन थांबतो आणि तिथून पुढे नियम आठवत बसतो: क्रिया संपली होती का? किती वेळ चालली? सवय होती का? नियम सगळे बरोबर असतात, पण बोलताना ते आठवायला वेळ कुणाला असतो? मराठीतून येणाऱ्याला काही आठवावं लागत नाही. ‘आम्ही नाशिकला चार वर्षं राहायचो’ असं कुणी म्हणालं तर आपल्या कानाला लगेच खटकतं. चार वर्षं म्हटलं की मुदतीला दोन्ही टोकांना खुंटी मारली जाते, आणि मग ‘राहिलो’च म्हणावं लागतं. स्पॅनिश माणसाच्या कानाला ‘बिबीआमोस कुआत्रो आन्योस’ नेमकं तसंच खटकतं. कान तोच आहे, त्याच्यावर भरवसा ठेवायची सवय तेवढी करायची आहे.

यातला पहिला काळ, व्याकरणात ज्याला ‘इंपेर्फेक्तो’ म्हणतात तो, मराठीत एका रूपात मावत नाही. ‘आजी गोष्टी सांगायची’, ‘आजी गोष्टी सांगत असे’, ‘आजी गोष्टी सांगे’, ‘आजी गोष्ट सांगत होती’ या चारही वाक्यांना स्पॅनिशमध्ये एकच ‘कोंताबा’ पुरतो. चारांतून एकाकडे यायचं असल्यामुळे आपलं काम सोपं आहे. खरी कसरत मराठी शिकणाऱ्या स्पॅनिश माणसाला करावी लागेल. आणि ‘आजीने गोष्ट सांगितली’ म्हटलं की ‘कोंतोऽ’. ‘होता’ आणि ‘झाला’ ही जोडीही अशीच उपयोगी पडते. ‘लग्नात गर्दी होती’ म्हणताना आपण प्रसंगाच्या आत उभे राहून आजूबाजूला पाहत असतो. ‘लग्न छान झालं’ म्हणताना बाहेर येऊन अख्ख्या प्रसंगाची मोजदाद करतो. स्पॅनिशमध्ये ‘लग्न छान झालं’ला ‘फुए’ येतो, आणि ‘तो हुशार होता’, ‘घर मोठं होतं’ यांना ‘एरा’. ‘माहीत होतं’ला ‘साबीआ’, पण ‘कळलं’ला त्याच क्रियापदाचा ‘सुपे’. ‘ओळखत होतो’ला ‘कोनोसीआ’, ‘ओळख झाली’ला ‘कोनोसीऽ’. इंग्रजी पुस्तकं या क्रियापदांना ‘अर्थ बदलणारी क्रियापदं’ म्हणून वेगळ्या चौकटीत बसवतात आणि पाठ करायला सांगतात. अर्थ बदललेला नसतो, आपण प्रसंगाकडे कुठून पाहतो तेवढं बदललेलं असतं. मराठी त्यासाठी क्रियापदच बदलते, स्पॅनिश काळ बदलते.

मराठीचा आधार आंधळेपणाने घेतला तर तो दगाही देतो. ‘तो खुर्चीवर बसला होता’ या वाक्याचा घाट पूर्ण भूतकाळाचा आहे, म्हणून विद्यार्थी ‘आबीआ’ लावून मोकळा होतो. पण इथे सांगायचं असतं ते त्याच्या त्या वेळच्या अवस्थेबद्दल, आणि स्पॅनिश ‘एस्ताबा सेन्तादो’ म्हणते. ‘झोपला होता’, ‘उभा राहिला होता’, ‘दार उघडं राहिलं होतं’ हे सगळे त्याच माळेचे मणी. दुसऱ्या प्रकरणाचा मोठा भाग अशा वाक्यांनी भरलेला आहे, आणि माझ्या मते पुस्तकातला सर्वांत उपयोगी भाग तोच आहे.

आता तिसरा भूतकाळ. माद्रिदमधला माणूस सकाळी घेतलेल्या कॉफीबद्दल दुपारी सांगेल तेव्हा ‘ओय ए तोमादो काफेऽ’ म्हणेल. हीच कॉफी काल घेतलेली असेल तर ‘आयेर तोमेऽ काफेऽ’. आजची गोष्ट जोडकाळात, कालची साध्या काळात. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना इथे ‘अनद्यतन’ हा शब्द आठवायला हवा. ‘प्रथम भूतकाळ’ म्हणून आपण जो लङ् पाठ केला, तो पाणिनीने ‘आजचा नसलेल्या’ भूतकाळासाठी सांगितला आहे. आजच्या घटनेला लुङ्. त्यातही बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या जुन्या घटनेसाठी लिट् वेगळा. पुढच्या संस्कृतात ही शिस्त सैल झाली आणि कवींनी तिन्ही भूतकाळ सोयीप्रमाणे वापरले, म्हणून शाळेत आपल्याला तो भेद कुणी फारसा सांगितला नाही. ‘आज’ म्हणजे कुठून कुठपर्यंत, मध्यरात्रीपासून की उठल्यापासून, यावर जुन्या वैयाकरणांनी काथ्याकूट केलेला आहे. स्पेनमधला ‘आज’ तर आणखी ताणला जातो: ‘या आठवड्यात’, ‘या वर्षी’ असं म्हटलं की बोलण्याचा क्षण त्या मुदतीच्या आत पडतो, म्हणून तिथेही जोडकाळ. अटलांटिक ओलांडला की मात्र हे सगळं बदलतं. मेक्सिकोत किंवा ब्वेनोस आयरेसमध्ये सकाळच्या कॉफीलाही ‘तोमेऽ’ म्हणतात. खुद्द स्पेनमध्येही गालिसिया, आस्तुरियास आणि कॅनरी बेटांवर साध्या काळाकडेच ओढा आहे. तेव्हा परीक्षेला बसणाऱ्यांनी एक कुठला तरी प्रदेश धरून ठेवावा. स्पेनच्या पुस्तकातून शिकायचं आणि कोलंबियाच्या मालिकांतून बोलणं उचलायचं, असं केलं की या एका मुद्द्यावर गोंधळ ठरलेला.

गोंधळाचं आणखी एक मोठं कारण म्हणजे काळांची नावं. ‘कोंतोऽ’ या एका काळाला तुम्हाला एका पुस्तकात ‘प्रेतेरितो इन्देफिनिदो’, दुसऱ्यात ‘प्रेतेरितो पेर्फेक्तो सिंप्ले’ आणि तिसऱ्यात नुसतं ‘प्रेतेरितो’ असं नाव सापडेल. त्यातलं ‘इन्देफिनिदो’ म्हणजे अनिश्चित. आणि हा काळ तर नेमका निश्चित, संपलेल्या घटनेचा! हे नामकरण कुणी विद्यार्थ्यांचा सूड घेण्यासाठी केलं असावं असं वाटावं. या गोंधळातून वाट काढणारा एक माणूस होऊन गेला, आणि स्पॅनिश शिकणाऱ्या प्रत्येकाने त्याचं नाव ऐकलेलं असावं: आंद्रेस बेयो. 1781मध्ये काराकासला जन्म. सिमोन बोलिवार लहान असताना बेयोने त्याला काही काळ शिकवलं होतं. 1810मध्ये नव्या सरकारचा दूत म्हणून तो लंडनला गेला आणि एकोणीस वर्षं तिथेच अडकून पडला. पुढे चिलेमध्ये स्थायिक झाला, तिथल्या विद्यापीठाचा पहिला प्रमुख झाला, तिथला दिवाणी कायदा त्याने लिहिला. या सगळ्या व्यापात 1841मध्ये त्याने कास्तिलियन काळांच्या विश्लेषणावर एक छोटी पुस्तिका छापली, आणि 1847मध्ये अमेरिका खंडातल्या लोकांसाठी स्पॅनिशचं व्याकरण. काळांची नावं तर्काने ठेवायची हे त्याने ठरवलं. बोलण्याच्या क्षणाच्या आधीचं ते ‘प्रेतेरितो’. दुसऱ्या एखाद्या भूतकाळी घटनेबरोबर चालू असलेलं ते ‘कोप्रेतेरितो’, म्हणजे सहभूत. भूतकाळातल्या एखाद्या क्षणानंतरचं ते ‘पोस्प्रेतेरितो’, आणि सहभूताच्याही आधीचं ते ‘आन्तेकोप्रेतेरितो’. शेवटचं नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण नाव ऐकलं की काळ कुठे बसतो ते कळतं, आणि एवढं दुसरं कुठलंही नाव करत नाही. मेक्सिकोच्या शालेय पुस्तकांत बेयोची नावं अजून वापरात आहेत. या पुस्तकात प्रचलित नावं पुढे ठेवली आहेत, कारण परीक्षेत तीच विचारतात; पण प्रत्येक काळाखाली बेयोचं नावही दिलं आहे. अडलं की ते वाचावं.

बेयोच्या सहभूताची कल्पना एकदा मनात बसली की कादंबऱ्या वाचायची मजा वाढते. गाब्रिएल गार्सिया मार्केसची ‘शंभर वर्षांचा एकांत’ ही कादंबरी 1967मध्ये ब्वेनोस आयरेसला प्रसिद्ध झाली. तिचं पहिलंच वाक्य कथेच्या काळात उभं राहून बरंच पुढे पाहतं, आणि तिथून वळून खूप मागची एक दुपार आठवतं. एका वाक्यात तीन ठिकाणांहून पाहणं, आणि वाचणारा कुठेही हरवत नाही. क्रियापदांची रूपं त्याला हाताला धरून नेतात. हे वाक्य मूळ स्पॅनिशमध्ये वाचता येणं, हे माझ्या वर्गातल्या कित्येकांच्या मनातलं ध्येय असतं, आणि क्रियापदांची बाराखडी झाल्यावर ते फार दूर राहत नाही.

स्पॅनिश व्याकरणाची सुरुवातच मुळी परक्या शिकणाऱ्यालाही डोळ्यांसमोर ठेवून झाली, हे फारसं कुणी सांगत नाही. आन्तोनियो दे नेब्रिहाने 1492च्या ऑगस्टमध्ये सालामांका इथे कास्तिलियन भाषेचं व्याकरण छापलं आणि ते इसाबेल राणीला अर्पण केलं. कोलंबसची जहाजं त्याच महिन्यात स्पेनमधून निघाली होती. अर्पणपत्रिकेत भाषा आणि साम्राज्य यांच्या जोडीबद्दल नेब्रिहाने जे लिहिलं ते पुढे शेकडो वेळा उद्धृत झालं, पण विद्यार्थ्याने पाहावा तो त्याच्या ग्रंथाचा पाचवा भाग. तो परभाषेतून कास्तिलियन शिकायला येणाऱ्यांसाठी लिहिलेला आहे, आणि त्यात रूपांचे तक्ते आहेत. आपण आज जे तक्ते पाठ करतो त्यांची वंशावळ तिथवर जाते.

नेब्रिहाची नजर मोठी तीक्ष्ण होती. ‘ए तोमादो’सारख्या जोडकाळात दुसरा शब्द बदलत नाही हे त्याने टिपलं: बोलणारी बाई असो की पुरुष, रूप ‘तोमादो’च. लॅटिनच्या चौकटीत अशा शब्दाला जागा नव्हती, म्हणून नेब्रिहाने त्याच्यासाठी शब्दांची एक नवी जात कल्पिली. मराठी विद्यार्थ्याला हे समजून घेताना हायसं वाटतं. आपल्याकडे ‘मी आलो आहे’, ‘मी आले आहे’, ‘मी भाकरी खाल्ली आहे’, ‘मी आंबा खाल्ला आहे’ अशी क्रियापदाला कर्त्याची नाही तर कर्माची मर्जी सांभाळावी लागते. स्पॅनिश क्रियापद लिंग विचारतच नाही. मात्र विशेषण विचारतं, आणि दमलेल्या बाईने ‘एस्तोय कान्सादा’ म्हणायचं असतं हे आपल्याला शिकवावं लागत नाही. इंग्रजीतून आलेले महिनोन्महिने तिथे चुकत राहतात.

भविष्यकाळाची उकलही नेब्रिहाने करून ठेवली होती. ‘आब्लारेऽ’ म्हणजे मी बोलेन. हा शब्द ‘आब्लार’ला ‘आबेर’ या साहाय्यक क्रियापदाचं ‘ए’ चिकटून तयार झाला. जुन्या स्पॅनिशमध्ये हे दोन तुकडे सुटेही व्हायचे आणि मध्ये सर्वनाम बसायचं. म्हणूनच भविष्याचे प्रत्यय तिन्ही गणांना एकसारखे लागतात. हे एकदा कळलं की तो तक्ता पाठ करायची गरजच उरत नाही.

लॅटिनच्या चौकटीचा विषय निघाला की गोव्याची आठवण येणं साहजिक आहे. थॉमस स्टीफन्स या मिशनऱ्याने कोंकणीचं व्याकरण लिहिलं आणि ते त्याच्या मृत्यूनंतर 1640मध्ये रायतूरला छापलं गेलं. युरोपातले मिशनरी लॅटिन व्याकरणाचा जो साचा घेऊन जगभर हिंडले, त्याच साच्यात आपल्या किनाऱ्यावरची भाषा बसवायचा तो प्रयत्न होता. मराठीत दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 सालचं, आणि मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 सालचं. आपल्या व्याकरणातली ‘आख्यातं’ मला नेहमीच शहाणपणाची वाटत आली आहेत: ई-आख्यात, वाख्यात, लाख्यात. काळाचं नाव देण्याऐवजी रूपाचंच नाव द्यायचं, मग ते रूप काय काय कामं करतं ते सावकाश पाहायचं. ‘आलो’ हे लाख्यात आहे एवढंच म्हटलं की भूतकाळ म्हणायची घाई होत नाही. कारण आईने हाक मारल्यावर आपण ‘आलो!’ म्हणतो तेव्हा आपण अजून जागचे हललेलोही नसतो. स्पॅनिश मुलगा अशा वेळी वर्तमानकाळात ‘या बोय’ म्हणतो, शब्दशः ‘जातो’. आणि लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी घराबाहेर पडताना ‘या बेंगो’ म्हणतात, म्हणजे अगदी आपलं ‘येतो हं’.

वाख्याताचा धागा मुद्दाम धरला, कारण त्याच्या टोकाला स्पॅनिशचा सर्वांत बदनाम विषय आहे: ‘सुबखुन्तिबो’. प्रत्यक्षात घडलेलं नाही, पण घडावं असं कुणाला वाटतं, घडेल अशी भीती आहे, घडलं तर आनंद आहे, अशा गोष्टींसाठी स्पॅनिश क्रियापदाची वेगळी रूपं आहेत. इंग्रजीत ही रूपं जवळपास नामशेष झाली आहेत, म्हणून इंग्रजी पुस्तकं या प्रकरणाकडे वाघाच्या गुहेसारखं बोट दाखवतात. मराठीत ‘तू यावंस असं मला वाटतं’ हे वाक्य दुसरीतलं मूलही बोलतं. ‘कीएरो के बेंगास’. मुख्य क्रियापद साधं, आतलं विध्यर्थी, म्हणजे वाख्यात. ‘यावंस’मध्ये शेवटी ‘स’ आहे आणि ‘बेंगास’मध्येही. याला निव्वळ योगायोग म्हणता येत नाही: लॅटिन आणि संस्कृत एकाच कुळातल्या, आणि ‘तू’साठी स-कार दोन्हींनी घरातून आणला. ‘आम्ही जगतो’ला संस्कृतात ‘जीवामः’ आणि स्पॅनिशमध्ये ‘बिबीमोस’. ‘ते आहेत’ला ‘सन्ति’ आणि ‘सोन’. क्रियापदाच्या शेपटातून कर्ता कळतो म्हणून मराठीत आणि स्पॅनिशमध्येही सर्वनाम सर्रास गाळता येतं. ‘जेवलास?’ असं आपण विचारतो, त्यात ‘तू’ कुठे असतो?

सुबखुन्तिबोमध्ये दोन जागी मात्र मराठी आपल्याला पक्की चुकवते. एक म्हणजे ‘तू येशील तेव्हा बोलू’. आपण भविष्यकाळ वापरतो, म्हणून विद्यार्थी ‘कुआन्दो’नंतर भविष्यकाळ ठेवतो, तिथे ‘कुआन्दो बेंगास’ हवं. दुसरी जागा संकेतार्थाची. ‘पैसे असते तर घर घेतलं असतं’ यात दोन्ही अंगांना आपण ‘असता’च लावतो, म्हणून स्पॅनिशमध्येही दोन्हीकडे एकच रूप ठेवायचा मोह होतो आणि तोंडातून ‘सि तेन्द्रीआ’ निघतं. प्रमाण स्पॅनिशमध्ये ‘जर’च्या अंगात ‘तुबीएरा’ आणि ‘तर’च्या अंगात ‘कोम्प्रारीआ’ अशी वाटणी आहे. इथे चुकणाऱ्यांनी फार वाईट वाटून घेऊ नये. बास्क प्रदेशात, बुर्गोस आणि ला रिओखाकडे जन्माने स्पॅनिश बोलणारे लोकही ‘सि तेन्द्रीआ’ म्हणतात आणि शाळेत मास्तरांचा ओरडा खातात. परीक्षक मात्र बुर्गोसचा निघेल या आशेवर राहू नये.

‘गुस्तार’ या क्रियापदावर इंग्रजी पुस्तकं एक अख्खा धडा खर्चतात. ‘मे गुस्ता एल मांगो’, मला आंबा आवडतो. ‘मे गुस्तान लोस मांगोस’, मला आंबे आवडतात. झालं.

‘सेर’ आणि ‘एस्तार’ या ‘आहे’ सांगणाऱ्या दोन क्रियापदांबाबत मराठी फारशी कामाची नाही. ‘आंबा गोड असतो’ आणि ‘हा आंबा गोड आहे’ या फरकाची थोडी मदत होते, पण थोडीच. सगळीकडे शिकवतात तो ‘कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार’ हा नियम मी पुस्तकातून काढून टाकला आहे. मेलेल्या माणसाला स्पॅनिश ‘एस्ताऽ मुएर्तो’ म्हणते, आणि मरणाइतकं कायमचं दुसरं काय असतं? पुणे शहर जागचं हलणार नाही, तरी ते महाराष्ट्रात आहे हे सांगायला ‘एस्तार’ लागतो. उलट समारंभ माझ्या घरी आहे, दोन तासांत उरकेल, तरी त्याला ‘सेर’. चौथ्या प्रकरणात या नियमाऐवजी उदाहरणांचे गट दिले आहेत. ते वाचून कान तयार होऊ द्यावा, याहून जवळचा रस्ता मला सापडलेला नाही.

आता पाठांतराबद्दल. सध्या त्याला वाईट दिवस आले आहेत, आणि भाषा संवादातून आपोआप येते असं सांगणारी मंडळी जोरात आहेत. पहिलीपासून त्या भाषेत राहणाऱ्याला ती येत असेलही. आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्गाला येणाऱ्याला येत नाही. रूपं तोंडात बसवावीच लागतात. पण कशी बसवायची यात खोच आहे. ‘आब्लो’ म्हणजे मी बोलतो आणि ‘आब्लोऽ’ म्हणजे तो बोलला. अक्षरं तीच, जोर पहिल्यावर की शेवटच्यावर, एवढ्याने कर्ता बदलला आणि काळही बदलला. मराठीत असा अर्थ बदलणारा आघात नाही, म्हणून आपला कान त्याकडे लक्षच देत नाही. त्यातून आपण तक्ते म्हणतो ते पाढ्यांच्या चालीवर, आणि त्या चालीत सगळे आघात सपाट होतात. अनेक हुशार विद्यार्थी लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवून तोंडी परीक्षेत काल आणि आज यांची गल्लत करतात ती यामुळे. म्हणून तक्त्यातलं प्रत्येक रूप एका लहान वाक्यात घालून मोठ्याने म्हणावं. ‘तुबे’, ‘इसे’, ‘दिखे’, ‘बिने’ अशी वारंवार लागणारी बंडखोर रूपं शेवटी आघात घेत नाहीत, हेही म्हणताना आपोआप लक्षात राहतं. दिलाशाच्या गोष्टीही आहेत. इंपेर्फेक्तोमध्ये अख्ख्या भाषेत अनियमित क्रियापदं तीनच: सेर, ईर आणि बेर. ‘होणं’ आणि ‘जाणं’ यांचा साधा भूतकाळ तर एकच आहे, ‘फुइ, फुइस्ते, फुए’. एकदा पाठ केलं की दोन क्रियापदं पदरात.

शेवटी, पुस्तकात काय नाही ते सांगते. सुबखुन्तिबोचा भविष्यकाळ वगळला आहे. तो आता कायद्याच्या मजकुरात आणि काही म्हणींत उरला आहे. पोर्तुगीजमध्ये मात्र तो रोजच्या बोलण्यात जिवंत आहे, तेव्हा गोव्यातल्या ज्या विद्यार्थ्यांच्या घरी पोर्तुगीज अजून बोलली जाते त्यांनी तो स्पॅनिशमध्ये आणू नये. सुबखुन्तिबोच्या भूतकाळाची ‘-रा’ आणि ‘-से’ अशी दोन रूपं आहेत. तक्त्यांत पहिलंच दिलं आहे, दुसरं वाचताना ओळखता आलं की पुरे. ‘बोसोत्रोस’चा रकाना ठेवावा की नाही यावर बराच विचार केला. स्पेनबाहेर तो जवळपास कुणी वापरत नाही, अमेरिका खंडात सगळीकडे ‘उस्तेदेस’ चालतं. तरी ठेवला, कारण हातात पडणारी बहुतेक पाठ्यपुस्तकं स्पेनची असतात. अर्जेंटिनाचा ‘बोस’ परिशिष्टात आहे. फुटबॉल विश्वचषकाच्या दिवसांत कोल्हापुरात मेस्सीचे फलक लावणाऱ्यांपैकी कुणी त्याच्या मुलाखती मुळातून ऐकायचं मनावर घेतलं, तर त्याने थेट त्या परिशिष्टापासून सुरुवात केली तरी हरकत नाही.